एक पायरी खाली

फोन आला तेव्हा मी जबलपूरजवळच्या पाटणच्या मंडीत मटाराच्या ढिगासमोर उभी होते. हातात फोडलेली शेंग होती. फोन अनघाचा, म्हणजे कुंदाताईंच्या नागपूरच्या भाचीचा. "शैलामावशी, कुंदामावशी सकाळी गेली," एवढंच ती म्हणाली. मी "बरं" म्हटलं, फोन पर्समध्ये टाकला आणि आडत्याला म्हणाले, "भैया, दाना छोटा है. इस भाव में नहीं उठाऊँगी." भाव ठरला, गाडी भरली, आणि मग मी पुढच्या सीटवर बसून काच वर केली. बाई दगडाची आहे असं तिथल्या लोकांना वाटलं असेल. वाटू दे. कुंदाताई असत्या तर म्हणाल्या असत्या, "दगड फार झालं शैला, एक पायरी खालचा शब्द शोध." त्यांच्या नेमक्या याच सवयीवरून आमचं सहा वर्षं भांडण होतं, आणि ते भांडण अर्धवट टाकून त्या निघून गेल्या. याचा मला राग आहे. त्यांना जाऊन दीड महिना झाला, राग जागचा हललेला नाही. तो शांत होईल, मग लिहीन, असं ठरवलं असतं तर हा लेख कधीच झाला नसता.

आपल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. मी शेवटच्या रांगेत बसले होते. एकेक जण उठून सांगत होता, कुंदाताई किती मृदू, किती शांत, कुणाला कधी दुखावलं नाही. मला बोलायला कुणी सांगितलं नाही ते बरंच झालं. ज्या बाईने माझा एक शब्द अकरा वेळा परत केला, ती मृदू? ज्या बाईने मला न विचारता माझ्या सहीच्या पत्रात हात घातला, तिने कुणाला दुखावलं नाही? माणूस गेला की त्याच्यावर असे गुळगुळीत शब्द फासतात, आणि खाली नक्की कोण होतं ते दिसेनासं होतं. कुंदाताईंनी असली विशेषणं एका मिनिटात परत केली असती. म्हणाल्या असत्या, "वाक्यात वापरून दाखवा. खरं वाक्य."

आता पहिल्यापासून सांगते. मी सिहोऱ्याची. दहावी झाले, लग्न होऊन जबलपूरला आले, आणि नवऱ्याची फॅक्टरीतली नोकरी सुटली तेव्हा मटार सोलायला बसले. चार बायका जमवल्या, सोललेल्या दाण्याची पाकिटं केली, स्कूटीवरून सदर बाजारातल्या हॉटेलांना आणि नेपियर टाऊनच्या घरांना विकली. कुंदाताई तिथे पहिल्या मजल्यावर एकट्या राहायच्या. मुलींच्या कॉलेजात इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या, लग्न न केलेल्या, आणि माझ्या गिऱ्हाइकांत भाव न करणाऱ्या त्या एकट्याच. त्यामुळे मला त्या जरा भोळ्या वाटायच्या. पुढे मी रिछाईच्या कारखान्यांच्या भागात एक शेड घेतली, दाणा गोठवायचं मशीन बसवलं, आणि बाहेरगावचे व्यापारी इंग्रजीत कागद पाठवू लागले. असाच एक कागद घेऊन मी त्यांच्याकडे गेले. मी त्यावर आधीच सही करून बसले होते. आत काय आहे ते नंतर वाचून घेऊ, असा माझा हिशेब. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला.

"यात लिहिलंय की माल त्यांना आवडला नाही तर ते कारण न देता परत पाठवू शकतात. भाडं तुझं."

"म्हणजे कापला मला?"

"तू आपणहून मान दिलीस."

मी म्हटलं, यापुढचे कागद तुम्ही वाचून देत जा, दर कागदाचे काय ते सांगा. त्या म्हणाल्या, "वाचून देणार नाही. शिकवीन. रोज पाच शब्द." मी म्हटलं, "दोन. सीझन चालू आहे." "पाच." "तीन, आणि रविवारी सुट्टी." "पाच, आणि रविवारी उजळणी." ...मी त्या दिवशी हरले. भाव न करणारी बाई भोळी असते हा माझा समज तिथेच संपला. त्यांना भाव करता येत होता, फक्त भाजीत करायचा नव्हता.

त्यांची पद्धत अशी. जुन्या लग्नपत्रिका त्या जपून ठेवायच्या आणि कात्रीने कापून त्यांची कार्डं करायच्या, कारण पत्रिकेचा कागद जाड असतो आणि मागची बाजू कोरी असते. प्रत्येक कार्डावर एक इंग्रजी शब्द. त्याखाली त्याचा अर्थ, तोही डिक्शनरीतून उतरवलेला नाही, आपल्या शब्दांत मांडलेला. मग त्या अर्थाच्या जवळचे तीन शब्द, आणि मूळ शब्द धरून चारही सौम्यापासून कडकापर्यंत पायरीपायरीने लावायचे. "समानार्थी म्हणून एकाच्या जागी दुसरा ठेवता येतो असं नाही," त्या म्हणायच्या. "जिना आहे तो. आपण कुठल्या पायरीवर उभं आहोत ते आधी बघायचं." आणि शेवटी एक वाक्य. ते आपल्या आयुष्यातलं आणि खरं असलं पाहिजे. खरं असेल तर त्या हिरव्या शाईने खूण करायच्या आणि तो शब्द आपला झाला. खोटं असेल तर कार्ड परत. स्वतःच्या कार्डावर स्वतः खूण करायची नाही, हा नियम त्यांनाही होता. सत्तरीतही त्या स्वतःसाठी नवे शब्द काढायच्या आणि कार्ड माझ्यापुढे सरकवायच्या. "तपास," म्हणायच्या. दहावी पास बाई प्रोफेसरणीची कार्डं तपासत बसलेली. मला ते फार आवडायचं, आता लपवून काय करू.

'जेनरस' या शब्दावर मी अकरा वेळा आपटले. जेनरस म्हणजे उदार, सढळ हाताचा. मी लिहिलं, पाटणच्या एका शेतकऱ्याशी मी उदारपणे वागले. कुंदाताई म्हणाल्या, "अच्छा. नाव काय त्याचं?" मी नाव सांगितलं. "नंबर आहे?" मला वाटलं गंमत करताहेत. त्यांनी माझाच फोन उचलला, नंबर लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"नमस्ते भैया, शैलाजी के यहाँ से बोल रही हूँ. एक बात पूछनी थी... शैलाजी सौदे में कैसी हैं?"

पलीकडून तो बाबा म्हणाला, "दीदी बहुत अच्छी हैं जी. बस, तराज़ू पर बोरी चढ़ जाए, उसके बाद भी भाव तोड़ती हैं."

कुंदाताईंनी त्याचे आभार मानले, फोन ठेवला आणि कार्ड माझ्याकडे सरकवलं. मी भडकले. म्हटलं, "तुम्ही मला इंग्रजी शिकवून राहिल्या का माझी चौकशी लावून राहिल्या?" त्या म्हणाल्या, "शब्द खोटा वापरला की तो आपला होत नाही. पाठ होतो फक्त." त्या शब्दाची खूण मिळाली ती दीड वर्षाने, आणि कशासाठी मिळाली ते मी इथे सांगणार नाही. ते माझं आणि त्या बाबाचं आहे.

तर या बाईमुळे मी करार वाचायला लागले. बंगळुरूच्या, कोचीच्या माणसांशी फोनवर भाव करायला लागले. पलीकडचा माणूस कुठल्या पायरीवरचा शब्द वापरतोय यावरून तो अजून किती हलेल ते मला कळायला लागलं, आणि धंद्यात याहून मोठं हत्यार नाही. हे सगळं त्यांचं देणं आहे, मी नाकारत नाही. म्हणून तर जे पुढे झालं ते माफ करता येत नाही.

पत्रं आम्ही त्यांच्या कॉम्प्युटरवर लिहायचो. काय म्हणायचं ते मी सांगायची, त्या इंग्रजीत मांडायच्या, मोठ्याने वाचून दाखवायच्या, मी "पाठवा" म्हणायची, की माझ्या मेलवरून पत्र जायचं. सहा वर्षांपूर्वी दक्षिणेतल्या एका बंदराच्या गावच्या व्यापाऱ्याने माझा माल उतरवून घेतल्यावर चार दिवसांनी कळवलं की दाण्याचे गोळे झाले आहेत, तुम्हीच खराब माल पाठवलात, हा घ्या आमचा तपासणी अहवाल. गोठवलेला मटार नीट असला की पिशवी हलवली तर खडखडतो. गोळा होतो तो एकदा वितळून पुन्हा गोठला की. माझ्या गाडीतल्या तापमानाची पट्टी माझ्याकडे होती, वाटेत कुठेही गारवा तुटला नव्हता. त्यांचं कोल्ड स्टोरेज बंद पडलं होतं, हे त्यांच्याच माणसाने माझ्या ड्रायव्हरला सांगितलं होतं. अहवाल त्यांनी बसून रचला होता. मी कुंदाताईंना म्हटलं, लिहा, तुमचा अहवाल फ्रॉड्युलंट आहे. लबाडीने बनवलेला. हा शब्द माझ्या कार्डावरचा होता, खूण झालेला. चौथ्या पायरीवरचा. खालून मिस्टेकन म्हणजे चुकीचा, मग मिसलीडिंग म्हणजे दिशाभूल करणारा, मग डिसऑनेस्ट म्हणजे अप्रामाणिक, आणि सगळ्यात वर फ्रॉड्युलंट. मी विचार करून वरच्या पायरीवर उभी होते.

त्यांनी लिहिलं, वाचून दाखवलं, शब्द तोच होता. मी "पाठवा" म्हटलं आणि खाली गाडी थांबली होती म्हणून निघाले.

चार दिवसांनी उत्तर आलं. ही चूकच असल्याचं तुम्ही समंजसपणे मान्य केलंत याबद्दल आभारी आहोत, तेव्हा नुकसान निम्मं तुम्ही, निम्मं आम्ही. मला काही कळेना. मी माझं गेलेलं पत्र उघडलं. तिथे मिस्टेकन होतं. चौथ्या पायरीवरून थेट पहिलीवर. तीन पायऱ्या, मी जिना उतरेपर्यंत.

मी तशीच नेपियर टाऊनला गेले.

"शब्द काहून बदलला?"

कुंदाताई शांत होत्या. त्या शांतपणाचा मला अजून संताप येतो. "कारण तू चिडलेली होतीस. तो शब्द लिहिला असता तर ते कोर्टात गेले असते. बदनामीचा दावा लावला असता. तुझी शेड, तुझं मशीन, सगळं पणाला लागलं असतं."

"पट्टी होती माझ्याकडे!"

"पट्टीने गारवा तुटला नाही एवढं कळतं. अहवाल मुद्दाम रचला हे कळत नाही."

"मग मला सांगायचं होतं. भांडायचं होतं माझ्याशी. जेनरससाठी दीड वर्ष भांडलात ना?"

"तू ऐकलं नसतंस."

"नसतं ऐकलं! माझा शब्द, माझं नाव, माझी सही. मी किती चिडायचं ते तुम्ही ठरवणार?"

त्या म्हणाल्या, "मी योग्य केलं, शैला."

बस. एवढंच. चुकलं असं त्या तेव्हा म्हणाल्या असत्या तर मी अर्धा तास ओरडले असते आणि मग त्यांच्याच हातचा चहा पिऊन परतले असते. पण त्या म्हणाल्या, योग्य केलं. व्यापाऱ्याने पुढे बाजारात सांगितलं की जबलपूरची बाई दोन इंग्रजी ओळींत खाली बसते, आणि दोन सीझन प्रत्येक नवा माणूस मला दाबून बघायला लागला. ते मी निस्तरलं. पण एक गोष्ट निस्तरता आली नाही. रोज मला खरं वाक्य मागणाऱ्या बाईने माझं खरं वाक्य खोडलं होतं, आणि माझ्या पाठीमागे.

त्यानंतर मी तो जिना चढले नाही. तीन वर्षांनी मुलीचं लग्न ठरलं. आपल्याकडे जवळच्या माणसाकडे स्वतः जायचं, अक्षत द्यायची, हळदीकुंकू लावायचं, तेव्हा ते आमंत्रण. कुंदाताईंना मी पत्रिका कुरियरने पाठवली. जे सांगायचं ते त्यात आलं, आणि त्यांनाही ते बरोबर कळलं. त्या आल्या नाहीत. पहिल्या रांगेत मी एक खुर्ची धरून ठेवली होती, ती शेवटी फोटोग्राफरने बॅग ठेवायला घेतली. मी त्यावरही चिडले. बोलावलं नाही म्हणून चिडायचा हक्क त्यांचा, आल्या नाहीत म्हणून चिडायचा माझा.

शेवटचं बघितलं ते गेल्या दिवाळीनंतर, इथल्याच, जबलपूरच्या गोरखपूर बाजारात. मी फूलकोबीवाल्यापाशी होते आणि चार पावलांवर त्या मटार घेत होत्या. काठी होती हातात. नवा माल नुकताच यायला लागलेला, आणि दुकानदार त्यांना जो भाव सांगत होता तो ऐकून माझे कान तापले. जून झालेल्या, पिवळट शेंगा. दुप्पट भाव. त्या मुकाट्याने पिशवी उघडत होत्या. माझ्या तोंडाशी आलं होतं, "ए भैया, अंधा समझा है क्या इनको?" ...मी बोलले नाही. कोबीचा गड्डा हातात धरून उभी राहिले. आयुष्यभर न विचारता दुसऱ्यांच्या सौद्यात तोंड घालणारी मी, त्या दिवशी गप्प बसले. या लेखात ज्या ज्या गोष्टीचा राग आहे म्हणते आहे, त्यातला हा राग माझ्या वाट्याचा.

शोकसभेनंतर अनघाने मला गाठलं. म्हणाली, "मावशीने तुझ्यासाठी कार्डांचा डबा ठेवलाय." मी म्हटलं, ड्रायव्हरला पाठवते. ती जरा अडखळली. "ती म्हणाली होती, डबा पाठवायचा नाही. शैला स्वतः आली तरच द्यायचा." बघा! मेल्यावरही अट. मी म्हटलं, ठेव तुझ्याकडेच, आणि घरी आले. अनघा घर आवरेपर्यंत इथेच राहणार होती. मी पंधरा दिवस गेले नाही. एकदा नेपियर टाऊनवरून जात असताना गाडी वळवली आणि परत सरळ केली. शेवटी तिचा फोन आला की उद्या सामान टेम्पोत भरणार आहे. तेव्हा गेले. सहा वर्षांनी तो जिना चढले. वर कॉम्प्युटर खोक्यात भरलेला होता, आणि खिडकीपाशी ती जागा रिकामी होती जिथे बसून मी पाच शब्दांचे दोन करायला बघत असे.

पत्र्याचा डबा. वरच्या थरात सगळी माझी कार्डं, हिरव्या खुणांची, मी मागे टाकून आलेली. खाली त्यांची स्वतःची. त्यातल्या बहुतेकांवर माझी वेडीवाकडी खूण होती. अगदी तळाशी एक कार्ड होतं, बिनखुणेचं. उलटून पाहिलं तर छापील अक्षरांत माझ्या मुलीचं अर्धं नाव. कुरियरने पाठवलेली ती पत्रिका त्यांनी कापली होती.

कार्डावरचा शब्द होता बिट्रेयल. विश्वासघात. अर्थ त्यांच्या शब्दांत लिहिलेला: ज्याने आपल्यावर भरवसा टाकला त्याला आपल्या फायद्यासाठी विकणे. मग जिना. स्लिप म्हणजे हातून निसटलेली चूक, लॅप्स म्हणजे हयगय, ब्रीच म्हणजे मोडलेला भरवसा, आणि चौथ्या पायरीवर बिट्रेयल. खाली वाक्य. इंग्रजीत होतं, मी मराठीत सांगते: शैला जिना उतरत असताना मी तिचा शब्द काढून माझा घातला, तो मी केलेला विश्वासघात होता.

मी तिथेच फरशीवर बसले. अनघाने पाणी आणलं, ते मी घेतलं नाही. सहा वर्षं मला हाच शब्द हवा होता. मनातल्या मनात मी तो त्यांना हजारदा ऐकवला होता. आणि त्यांनी तो लिहून, डब्याच्या तळाशी घालून, तीन वर्षं माझी वाट बघत ठेवला होता. रिछाई काय परदेशात आहे? फोन नव्हता? स्पीकरवर शेतकऱ्याला लावता येतो, मला नाही लावता येत? इतका संताप मला त्या पत्राच्या दिवशीही आला नव्हता.

डबा शेडवर घेऊन आले. आठ दिवस ते कार्ड माझ्या टेबलावर होतं. खूण करायला हिरवं पेन मागवलं, पण पेन टेकेना. कारण मी तपासायला बसले होते, आणि तपासायला मला त्यांनीच शिकवलं होतं. अर्थ वाचायचा, वाक्य वाचायचं, दोन्ही जुळतात का बघायचं. आपल्या फायद्यासाठी विकणे. फायदा? कुठला फायदा? त्या पत्रातून कुंदाताईंना काय मिळणार होतं? माझी शेड वाचावी म्हणून भ्यालेली बाई ती. भ्यायचा हक्क तिला नव्हता, विचारायला हवं होतं, भरवसा मोडला, सगळं खरं. पण विकलं नाही. वाक्य खरं नव्हतं. स्वतःवर चिडून त्या वरच्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या होत्या, जिथे त्यांची जागा नव्हती.

नियम नियम असतो. खोट्या वाक्यावर खूण होत नाही.

मी बिट्रेयलवर रेघ मारली आणि वर ब्रीच लिहिलं. लॅप्सपर्यंत मी येणार नाही, स्लिपचं तर नावही काढू नका. त्यांनी माझा शब्द तीन पायऱ्या उतरवला होता. मी त्यांचा एक उतरवला. मग हिरवी खूण केली. आता ते कार्ड टेबलाच्या काचेखाली आहे. व्यापाऱ्याशी बोलताना नजर तिथे जाते, आणि काढलेल्या शब्दावरची माझी रेघ दिसते. बदल करण्याआधी मी त्यांना विचारलं नाही. त्यांनीही मला विचारलं नव्हतं.